एप्रिलपुरते निळे

कल्पिता मूळची मनोरीची. तिथल्या कोळी घरात वाढलेल्या मुलीला मासळी निवडायला कुणी शिकवत नाही, ते आपोआप हातात येतं. जाळं रिकामं झालं की बायका ढिगाभोवती उकिडव्या बसतात आणि हात चालू लागतात. कोळंबी एका पाटीत, मांदेली दुसऱ्या पाटीत, बोंबील वाळवायला, आणि बाजारात ज्याला कुणी विचारणार नाही ते मागे खतासाठी. बघायचं नसतं, विचार तर करायचाच नसतो. हात थांबला की आई ओरडायची नाही, नुसती वळून बघायची, आणि तेवढं पुरायचं.

लग्न होऊन ती बोरिवलीला गोराईच्या वसाहतीत आली, त्यालाही आता पंचवीसच्या वर वर्षं झाली. मासळी ती शेजारणींसारखीच मंडईतून आणते. पण हाताची ती सवय गेली नाही. यंदा फेब्रुवारीत त्याच सवयीने तिने रंगांचं कपाट आवरलं आणि शकु तिच्या घरी यायची थांबली.

शकु राहायला पूर्वेला, मागाठाण्यात. नोकरी अंधेरीच्या एका लॅबमध्ये. दिवसभर काचेवरचे रक्ताचे थेंब रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचे. दोघींची ओळख झाली ती ओरडा खाताना. मुलं सातवीत होती तेव्हा चित्रकलेच्या बाईंनी एकाच दिवशी दोघींना बोलावून घेतलं. घरून करून आणलेली चित्रं मुलांची नाहीत हे त्यांनी ओळखलं होतं. कल्पिताच्या चैतन्यच्या कागदावर रेघ फारच सफाईदार होती, शकुच्या चेतनाच्या कागदावर रंग. बाई दोघींना म्हणाल्या, पुढच्या वेळी स्पर्धेत तुम्हीच बसा. फाटकाबाहेर येईपर्यंत दोघींनी हसू कसंबसं दाबलं आणि रस्त्यावर आल्यावर सोडलं.

तिथून कार्डं सुरू झाली. वाढदिवसाची, हळदीची, बारशाची, नारळी पौर्णिमेची, चौदा एप्रिलची, बुद्धपौर्णिमेची. कल्पिताने रेघा काढायच्या, शकुने रंग भरायचे. दर रविवारी दुपारी शकु स्टेशनवरून बसने यायची, चप्पल दाराशी काढता काढताच चहा टाक म्हणायची आणि बाल्कनीच्या कडेला उजेडाची जागा धरून बसायची. कार्डावर नाव दोघींचं नसायचंच. मागच्या कोपऱ्यात एक मासा आणि त्याच्या पोटात पिंपळाचं पान एवढीच खूण. मासा कल्पिताचा, पान शकुचं.

अकरा वर्षांत सामान वाढत गेलं. कुणी परदेशातून मार्कर आणून दिले, कुठल्याशा प्रदर्शनात जलरंगांचे डबे स्वस्त मिळाले, चमकीच्या बाटल्या कुठून आल्या ते दोघींनाही सांगता आलं नसतं. बाहेरच्या खोलीतलं लोखंडी कपाट पूर्ण भरलं. त्यात चैतन्यचं लग्न ठरलं. मे महिन्यात सपना सून म्हणून येणार, आणि दीड खोलीच्या घरात तिच्या साड्यांना दुसरी जागा नव्हती. कल्पिताने ठरवलं, सगळं मिळून एका डब्यात बसेल एवढंच ठेवायचं.

त्या रविवारी तिने जमिनीवर चादर अंथरली आणि सगळं ओतलं. शकु नेहमीच्या जागेवर बसली होती. कल्पिताने जाड कागदाचा एक तुकडा घेतला आणि एकेका मार्करची पट्टी ओढून कागद उलटा करून पाहायला लागली. ज्याचा रंग मागे उतरला तो बाद. कार्ड घडीचं असतं, बाहेरचा रंग आतल्या मजकुरावर डागासारखा दिसला तर गिऱ्हाईक परत देतं. जलरंगाने कागद वाकतो, मग रात्रभर पोळपाटाखाली दाबून ठेवावा लागतो. म्हणून डब्यांपैकी एकच लहान डबा राहिला. मेणाचे खडू गेले. चमकी गेली तेव्हा आतल्या खोलीतून जयवंतने, म्हणजे कल्पिताच्या नवऱ्याने, सुटलो म्हणून आवाज दिला. आमटीतसुद्धा चमकी सापडायची त्याला.

"भाऊजी, आता कंपनीत कोण ओळखणार तुम्हाला?" शकु म्हणाली. "लांबूनच चमकत यायचात."

तोपर्यंत असंच चाललं होतं. शकु मधूनमधून कल्पिताला चिडवत होती, की हिला सोडली तर सुनेलाही कागदावर घासून उलटी करून बघेल. कल्पिता हसत होती, पण हात थांबत नव्हता.

मग पेन्सिली आल्या. पेन्सिली शकुच्या. पैसे दोघींचे, पण वापर तिचा. मार्करने पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला ती पेन्सिलीने तासभर लावायची, एकावर एक हलके थर द्यायची, आणि कार्डाच्या पाठीला काही कळायचं नाही. कल्पिताला ते पटत होतं आणि वेळेचा हिशेब केला तर पटत नव्हतं. पेन्सिलींसाठी तिने नियम केला. वर्षभर हाताला लागतात त्या ठेवायच्या. गुलाबी राहिले, वाढदिवसाला लागतात. पिवळे राहिले, हळदीला लागतात. तीन हिरवे तिने न बघताच ठेवायच्या बाजूला टाकले. समुद्राचे.

निळ्या पाच होत्या. एक लांब, बाकीच्या चार झिजून बोटभर झालेल्या. कल्पिताने लांब ठेवली आणि चार पिशवीत टाकल्या.

"निळा एकच पुरे गं," ती म्हणाली. "हे बाकीचे एप्रिलपुरतेच तर लागतात. तशाही संपतच आल्यात."

शकुने पिशवीकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "एप्रिलपुरतेच."

कल्पिताला वाटलं, पटलं. ती पुढच्या ढिगाकडे वळली. शकु आणखी थोडा वेळ बसली, चहा संपवला, डबा छान आटोपशीर झाला म्हणाली आणि नेहमीपेक्षा लवकर निघाली. पिशवी दुसऱ्या दिवशी वसाहतीतल्या बालवाडीत गेली.

पुढच्या रविवारी शकुचा फोन आला, की लॅबमध्ये एक जण सुट्टीवर आहे, ड्यूटी लागली. त्याच्या पुढच्या रविवारी तिच्याकडे पाहुणे होते. त्यानंतर फोन आला नाही, कल्पिताने केला तेव्हा शकु नीट बोलली, लग्नाची तयारी कुठवर आली ते विचारलं, आणि पुन्हा ड्यूटीच सांगितली. कल्पिताने खरं मानलं. मानायला सोयीचं होतं. साड्या, हॉल, आमंत्रणं यांत मार्च गेला, आणि मागाठाण्याची जयंतीच्या कार्डांची दरवर्षीची मोठी ऑर्डर अजून आली नाही हेही तिच्या उशिराच लक्षात आलं.

एप्रिल लागला तेव्हा जयवंतच्या कंपनीतल्या लहूने जयंतीसाठी एक कार्ड मागितलं. गावी वडिलांना पाठवायचं होतं. कल्पिताने रेघा काढल्या. बाबासाहेबांचा कोट, मागे झेंडा, वर आभाळ, खाली पांढऱ्या साड्यांतल्या बायकांची रांग. रेघा नेहमीसारख्या सुरेख आल्या. मग तिने डब्यातला एकुलता एक निळा काढला.

कोट निळा झाला, झेंडाही तोच निळा, आणि आभाळ भरल्यावर झेंडा कुठे संपतो ते दिसेना. कोटाला घडी राहिली नाही. सगळा मिळून एक सपाट पत्रा. तिने दुसरं कार्ड घेतलं, हात हलका ठेवला, तेही तसंच झालं. तिसऱ्याला साड्यांवर सावली द्यायला गेली आणि तिथे थांबली. साडीच्या सावलीसाठी शकु जी वापरायची तिला ती 'धुतलेला' म्हणायची. म्हणजे नीळ घालून धुतलेल्या कापडावर उन्हात दिसतो तेवढाच निळा. बाकीच्यांनाही तिची नावं होती. कोटाचा, झेंड्याचा, पौर्णिमेचा. कल्पिताला ती सगळी पाठ होती. अकरा वर्षं तीच विचारत आली होती, हा झेंड्याचा ना, देऊ का? तिने नुसते चार निळे टाकले असं नव्हतं. ते काय आहेत हे माहीत असून टाकले होते.

लहूला तिने जमलं नाही म्हणून सांगितलं.

जयंतीच्या आदल्या रविवारी ती स्टेशनजवळच्या दुकानातून चार सुट्या निळ्या पेन्सिली घेऊन मागाठाण्याला गेली. गल्लीत तोरणं बांधायचं काम चालू होतं, मुलं शिडीवर चढली होती. शकुचं दार उघडं होतं. ती खाली बसून कार्डं रंगवत होती. रेघाही या वेळी तिनेच काढल्या होत्या. खांदा वाकडा आलेला, झेंड्याची काठी एकीकडे कललेली. रंग मात्र नेहमीसारखेच. वाकड्या खांद्यावरचा कोटसुद्धा हात लावला तर कापड लागेल असा. कार्डाच्या मागच्या कोपऱ्यात नुसतं पान होतं.

शकुने पाणी दिलं, बस म्हणाली. कल्पिताने पेन्सिली पुढे ठेवल्या आणि तिच्या तोंडून आधी जे निघालं ते हे, "रेघा मी काढून देते ना. सांगायचंस तरी."

"नको. वाकड्या आहेत, पण चालतात लोकांना."

मग कल्पिताने चूक झाली म्हटलं. म्हणाली, घाईत केलं, रंगांची नीट पारख केली नाही, तिला हवे तर आणखीही आणते, सगळे निळे आणते. शकुने ऐकून घेतलं. हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"रंगांचं काय घेऊन बसलीस, कल्पे," ती म्हणाली. "तू तीन हिरवे ठेवलेस. समुद्राचे. ते कधी लागतात सांग."

 ते नारळी पौर्णिमेच्या कार्डांना लागत. वर्षातून एकदा.

"श्रावणापुरतेच ना? ते तू घासून पण बघितले नाहीस. उचललेस आणि ठेवलेस. मी बघत होते." शकुचा आवाज चढला नव्हता. "आणि संपत आल्या म्हणालीस. संपणारच ना. वापरून संपत आल्या होत्या. तुझी ती लांब निळी अकरा वर्षं कुणी धरली नव्हती, ती ठेवलीस."

"माझ्या मनात तसं नव्हतं गं."

"माहीत आहे. मनात असतं तर भांडले असते, भांडून मोकळी झाले असते. मनात नव्हतंच काही. हात तसा गेला. तेच मला घरी येईपर्यंत सुधरेना."

कल्पिताला वाटलं, आता मासळीच्या ढिगाचं सांगावं. लहानपणापासूनची सवय, न बघता निवडायची. तिने सांगायला सुरुवातही केली, आणि अर्ध्यावर तिला स्वतःलाच कळलं की आपण काय सांगतोय. न बघता निवडलं, आणि आपलं ते राहिलं. ती थांबली. शकुनेही पुढे विचारलं नाही. बाहेरून कुणीतरी शकुमावशी म्हणून हाक मारली, कार्डं झाली का विचारलं. शकु उठली. पेन्सिली तिने परत केल्या नाहीत, ठेवून घेतल्या. कल्पिताने परतीच्या बसमध्ये त्याचा चांगला अर्थ लावला.

तो अर्थ तिने महिनाभर धरून ठेवला. लग्नाचं आमंत्रण द्यायला ती आणि जयवंत दोघं मागाठाण्याला गेले. शकु घरी नव्हती, चेतनाने पत्रिका घेतली. पत्रिका छापील होती. हाताने करायला आता दुसरं माणूस नव्हतं, आणि नुसत्या रेघांची पत्रिका कुणाला द्यायची? हिरव्या पेन्सिलींना कल्पिताने त्या दिवसापासून हात लावला नव्हता. डबा कपाटावर होता. सपनाच्या साड्या यायच्या आधीच अर्धं कपाट उगाचच रिकामं दिसत होतं.

शकु लग्नाला आली. कल्पिताने तिला हॉलच्या दारातच पाहिलं आणि हातातलं काम टाकून पुढे झाली. मोरपिशी साडी, केसांत गजरा. शकुने चैतन्यच्या हातात दुकानातलं छापील पाकीट दिलं, सपनाच्या गालाला हात लावला, फोटोला उभी राहिली. मग कल्पिताकडे वळली. चेहरा हसरा होता, अगदी मनापासून. मागाठाण्यातला तो आवाज त्यात कुठेच नव्हता.

"तुमची सून छान आहे हो," ती म्हणाली. "हॉल पण चांगला मिळाला तुम्हाला."

कल्पिताला क्षणभर वाटलं, ती जयवंतलाही धरून बोलतेय. जयवंत तिथे नव्हता. बस गं, जेवल्याशिवाय हलायचं नाही, असं तिच्या तोंडावर आलं होतं.

"बसा ना," ती म्हणाली. "जेवून जा."

जेवणार तर, असं म्हणून शकु गेली आणि ताट घेऊन रांगेत उभी राहिली. पुढच्या बाईशी तिच्या गप्पाही सुरू झाल्या.

सपना नवीन होती, माणसं ओळखून घेत होती. तिने वाकून विचारलं, आई, या कोण?

"ओळखीच्या आहेत," कल्पिता म्हणाली. "मागाठाण्याच्या."