मामांच्या वस्तऱ्यांवर घातलेले क्रमांक

विषय : उस्मानपुऱ्यातील केशकर्तनकार काशिनाथमामा यांच्या मालकीचे पाच वस्तरे त्यांच्या परवानगीशिवाय हाताळल्याबाबत.

संदर्भ : मामांचा तोंडी आदेश, "नुसतं पाणी भरा."

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, चूक माझी आहे.

एवढं एक वाक्य लिहायला मला तीन कच्चे मसुदे लागले. पहिल्या मसुद्यात चूक "परिस्थितीची" होती, दुसऱ्यात "संबंधितांची". आता तुमच्यापासून काय लपवायचं? तुम्ही चहा घ्या, मी पहिल्यापासून सांगतो.

मी चौतीस वर्षं एका सरकारी कार्यालयात कारकून होतो. त्यातली बहुतेक वर्षं जडसंग्रह नोंदवही माझ्या ताब्यात होती. कार्यालयातल्या प्रत्येक खुर्चीवर, कपाटावर, पंख्यावर पांढऱ्या रंगाने क्रमांक घालायचा आणि तो वहीत लिहायचा, हे काम. खुर्चीचा पाय मोडला तरी चालतो, क्रमांक शाबूत पाहिजे. माणूस निवृत्त होतो, सवय होत नाही. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी पोळपाटावर क्रमांक घातला. बायकोने तो काथ्याने घासून काढला आणि मला बाहेर फिरायला जाण्याची सवय लावली.

फिरून मी जायचो कुठे, तर मामांच्या दुकानात. एक खुर्ची, एक आरसा, एक बाक. बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी मामा ब्लेड घालायचा वस्तरा वापरतात आणि दाढी झाली की ब्लेड फेकून देतात. पण आरशाखालच्या पत्र्याच्या डब्यात, तेल लावलेल्या फडक्यांत गुंडाळलेले त्यांचे पाच जुने वस्तरे असतात. मामांच्या उस्तादाने जाताना दिलेले. जर्मन पोलाद, शिंगाच्या मुठी, आणि पातं इतकं पातळ की नखाने टिचकी मारली तर बारीक वाजतं. ते फक्त आम्हा तीन-चार जुन्या माणसांसाठी निघतात. माझी कातडी अशी की साधं ब्लेड लागलं की संध्याकाळपर्यंत गालांची भाकरी होते. तीस वर्षं दिवसाआड मामांचा हात आणि मामांचा वस्तरा. निवृत्तीनंतर तर माझ्या वेळापत्रकात ठरलेलं असं तेवढंच उरलं होतं. ते गेलं तर मी कुठे जाणार होतो, हे लक्षात ठेवा.

मामांच्या बहिणीचं कन्नडला मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. आठ दिवस जायचं होतं आणि त्यातच नळाला पाणी यायचं होतं. आपल्याकडे नळ ज्या दिवशी येईल त्या दिवशी माणूस जागेवर पाहिजे, नाहीतर पुढचा आठवडा कोरडा. मामांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

"भाऊसाहेब, नुसतं पाणी भरा. नळ आला की टाकी भरा अन् शटर ओढून घ्या. दुसऱ्या कशाला हात लावायचं काम नाय."

"काळजी करू नका मामा," मी म्हणालो.

किल्ली मिळाली म्हणजे चार्ज मिळाला. आणि यादी केल्याशिवाय चार्ज घेतात का कधी? त्याच सकाळी मी नळाची वाट बघत बसलो आणि यादी करायला घेतली. खुर्ची एक, आरसा एक, कंगवे सात. मग पत्र्याचा डबा आला. आता डब्यात काय आहे ते न बघता सही कशी करणार? मी तो उघडला आणि पाचही वस्तरे फडक्यांतून काढून आरशापुढच्या फळीवर ओळीने मांडले. पाच भरले. मला फार समाधान वाटलं.

शटर अर्धं उघडं दिसलं म्हणून गायकवाड सर आत आले. सर निवृत्त शिक्षक, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पेन्सिलीने सोडवतात. त्यांनी बाकावर बैठक मारली, हात लांबवून पहिला वस्तरा उचलला आणि पेन्सिलीला टोक काढायला लागले.

"सर, तो वस्तरा आहे."

"दिसतंय की. लई गुळगुळीत निघतंय टोक."

"मामांचा आहे."

"मामा कुठं हायत?"

"कन्नडला."

"मग त्यांना कशाला तरास देता," असं म्हणून सरांनी दुसऱ्या बाजूनेही टोक काढलं.

दुसऱ्या दिवशी शेजारचे मोबाइल दुरुस्त करणारे अस्लमभाई आले. बोलता बोलता त्यांनी तिसरा वस्तरा उचलला आणि हातातल्या चार्जरची वायर सोलायला लागले.

"अस्लमभाई, ये क्या करते?"

"बस दो मिनट, भाऊसाब. मेरा कटर कल से गुम है."

"मामा को पूछना पडता ना."

"आपको पूछा ना. अभी तो साब आपीच हैं इधर के."

साहेब म्हटल्यावर माझ्या कानाला बरं वाटलं, हे मी कबूल करतो. चौतीस वर्षांत ते मला कुणी म्हटलं नव्हतं.

पण जबाबदारीची जाणीव झाली. वस्तरे परत डब्यात ठेवून शटर ओढणं हा एक उपाय होता. तो इतका सोपा होता की कारकुनाला सुचूच शकत नाही. मी पुठ्ठ्यावर सूचना लिहिली : "येथील पाच वस्तरे परवानगीशिवाय हाताळू नयेत." ती शटरवर लावली. शिवाय एक शंभर पानी वही आणून तिचं वस्तरा हालचाल रजिस्टर केलं. नाव, दिनांक, प्रयोजन, सही.

झालं काय, की तोवर दुकानात पाच वस्तरे आहेत हे दोघांना माहीत होतं. सूचनेने ते सगळ्या गल्लीला कळवलं. आणि पूर्वी ज्यांना हात लावायला संकोच वाटत होता, त्यांना आता सही करायची सोय झाली. चौथ्या दिवसापर्यंत वहीचं पहिलं पान भरलं. गायकवाड सरांनी प्रयोजन लिहिलं "शैक्षणिक". अस्लमभाईंनी "तांत्रिक". कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याने टाचेवरचं कुरूप दाखवलं आणि "वैद्यकीय" असं लिहिलं. रकाने नीट भरलेले होते, सही होती. मी नाही कोणत्या नियमाने म्हणणार? सगळे मंजूर केले.

पाचव्या दिवशी गोंधळ उघडकीला आला. वस्तरे परत आले खरे, पण कोणता कोणत्या फडक्यातला ते कळेना. सगळे एकसारखे. माझ्या आयुष्यात क्रमांकाशिवाय वस्तू म्हणजे अनाथ. मी पाचही पिशवीत घातले आणि भांड्यांच्या दुकानात गेलो, जिथे ताटवाट्यांवर मशीनने नावं घालून देतात.

दुकानदाराने मशीन पुसलं. "लग्न कोणाचं हाय?"

"लग्न नाही. क्रमांक घालायचे आहेत."

"मग 'सप्रेम भेट' नको?"

"नको. 'ज.सं. एक भागिले पाच', असे पाचपर्यंत."

त्याने एक वस्तरा उघडून उजेडात धरला. "काका, हे पातं लई पातळ हाय. मशीन थरथरती. मुठीवर घालू का?"

"मुठी बदलता येतात. क्रमांक मूळ वस्तूवर असतो."

"मला नाय जमायचं. धार गेली तर तुमी मलाच बोलसाल."

तेव्हा मी त्याला त्याच्याच पावतीच्या मागे लिहून दिलं की हे काम माझ्या जबाबदारीवर करण्यात येत आहे. माझ्याविरुद्धचा इतका स्वच्छ पुरावा दुसऱ्या कुणाला तयार करता आला नसता. मशीन करकरलं. तिसऱ्या वस्तऱ्याच्या धारेतून तांदळाच्या कणीएवढा तुकडा उडाला.

"काका, हे पडलं बघा."

"तीन नीट उमटला ना?" मी विचारलं.

दुपारी घरी येऊन मी बायकोला सगळं अभिमानाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् पाणी?"

पाणी सकाळी दहाला आलं होतं आणि अकराला गेलं होतं. त्या वेळी मी चार भागिले पाच घालून घेत होतो.

मामा नवव्या दिवशी आले. आधी त्यांनी नळ सोडला, नळ नुसताच फुसफुसला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टर पुढे केलं. ते त्यांनी घेतलं नाही, डबा उघडला. एकेक वस्तरा काढून त्यांनी नखाने टिचकी मारली. पहिला खुळखुळला. दुसरा जेमतेम वाजला. तिसऱ्यातून पत्र्यासारखा आवाज आला. मामांनी तो उजेडात धरून आधी धारेतली खाच पाहिली, मग पात्यावरचा आकडा.

"हे आकडे कशाचे?"

"क्रमांक आहेत, मामा. आता हरवायचे नाहीत."

"चाळीस वर्षांत एकदा तरी हरवले व्हते का?"

गायकवाड सर बाकावर होते. ते म्हणाले, "मामा, मी पहिल्याच दिवशी म्हणलं व्हतं, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये म्हणून."

मामांनी दोन दिवस दगडावर पाणी टाकून वस्तरे घासले. दोन बरे झाले. आणखी दोन वस्तऱ्यांचं अजून सांगता येत नाही. तिसरा त्यांनी फडक्यात बांधून घरी नेला, देवघरात उस्तादाच्या फोटोपाशी ठेवला असं ऐकलं. तिसऱ्या दिवशी मी धीर करून खुर्चीत बसलो. मामांनी माझ्या मानेभोवती टॉवेल टाकला नाही.

"उठा, भाऊसाहेब. आता परवानगी लागती. तुमीच नियम काढलाय. अर्ज करा."

मी अर्ज केला. दोन प्रतींत, समास सोडून, "दिवसाआड दाढी पूर्ववत सुरू होण्याबाबत विनंती". चूक कबूल केली, पाणी भरायचं राहिलं तेही कबूल केलं. मामांनी चष्मा न लावता तो वरून खालून पाहिला आणि तेलाच्या बाटलीखाली सारला.

मी दिवसाआड चौकशीला जातो. पहिल्यांदा ते म्हणाले, "एक सही राहिली." ती कुणाची, ते सांगितलं नाही. पुढच्या वेळी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या." परवा मी गेलो तेव्हा ते गायकवाड सरांच्या गालाला साबण लावत होते.

"मामा, अर्जाचं काही झालं का?"

"साहेब जागेवर नायत."

"पण साहेब म्हणजे तुम्हीच ना?"

"व्हय," मामा ब्रश न थांबवता म्हणाले, "जेवायला गेलेत."

सर साबणाच्या फेसातून हसले. मी बाकावर अर्धा तास बसलो आणि घरी आलो. दाढी बोटभर वाढली आहे. अर्ज आजअखेर प्रलंबित आहे.