आप्पांचं पानी

आप्पा पाणी पिण्याआधी चाखत. पहिला घोट तोंडात घोळवायचा आणि पाणी कुठल्या विहिरीचं ते सांगायचं. ते चुकलेले मी कधी पाहिले नाहीत. चंदनसारच्या आमच्या नव्या इमारतीत ते पहिल्यांदा आले, तेव्हा मी टँकरचं पाणी दिलं. घोट घेऊन म्हणाले, "हे माज्या बांधाजवळच्या विहिरीचं. बाय, तू तर शेजारीन निघालीस."

मला ओशाळल्यासारखं झालं. आप्पांच्या गावाच्या, आगाशीकडच्या विहिरींवर टँकर भरून आमच्याकडे येत, आणि उपसा वाढला तशा त्या विहिरी मचूळ होत होत्या. आप्पांचा भात, केळी सगळं त्यांवरच. टँकर अडवता अडवता ते पुढारी झाले आणि नव्वदच्या दशकात एकदा खासदारही. आम्हा इमारतवाल्यांना मात्र त्यांनी कधी दोष दिला नाही. "तहान सगल्यांचीच. धरनाचं पानी आनलं की भांडन मिटलं," एवढंच म्हणत.

मी शाळेत मराठी शिकवत असे आणि त्यांची भाषणं लिहून देई. सभेत ते 'पानी' म्हणाले की मागच्या रांगा हसत. म्हणून मी आठवडाभर त्यांच्याकडून 'पाणी' घोटवून घेतलं. त्यांच्या पत्नी, काकू, वैतागल्या, "जेवताना तरी त्या मास्तरनीचा 'ण' बाजूला ठेवा."

दिल्लीत, लोकसभेत धरणाच्या पाण्यावर बोलायला त्यांना दोन मिनिटं मिळाली, हिंदीतून. आप्पा उभे राहिले आणि ठासून म्हणाले, "पाणी." कुणीतरी हसलं. त्यांचा धागा तुटला, वेळ संपली, मागणी कागदावर राहिली.

परत आल्यावर मला म्हणाले, "बाय, तिकडं सगलेच पानी म्हनतात. माजं आधीच बरोबर होतं." ते हसले. मला हसता आलं नाही.

पुढची निवडणूक ते हरले. धरणाचं पाणी नळाला आलं, पण फार उशिरा. तोवर त्यांची केळी गेली होती आणि खारट झालेली विहीर पत्र्याने झाकली होती.

शेवटच्या आजारात त्यांच्या जिभेची चव गेली. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी पाणी मागितलं. मी नळाचंच दिलं. त्यांनी घोट बराच वेळ घोळवला. मग विचारलं, "कुठलं गं हे?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"तुमच्याच विहिरीचं पानी, आप्पा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. "गोडं झालं म्हनायचं."