बतूलच्या वाटणीचं कौतुक

मोरोक्कोतल्या फेस शहरात नवरीला नटवायचं आणि भर मांडवात तिचे गोडवे गायचे, हे तामोचं पोटापाण्याचं काम. नवरी तिरळी असो की दातपुढी, तिची पालखी खांद्यावर चढली की तामो ललकारायची, "आभाळात चंद्र शोधू नका गं बायांनो, तो इथं बसलाय!" आणि खरं सांगते, ती पोरगी तेवढ्यापुरती खरंच सुंदर दिसायची. नवरीच्या कपड्यांच्या पेट्या घेऊन मी तामोबरोबर हिंडायचे, म्हणून मला ठाऊक.

स्वतःच्या लेकीला, बतूलला, मात्र ती "माकडतोंडे" म्हणूनच हाक मारायची. तामोच्या थोरल्या मुलाला शेजारीण "काय गोंडस गं!" म्हणाली आणि आठवडाभरात तो तापानं गेला. तेव्हापासून तामोनं दृष्टीचा धसकाच घेतला. बतूल दिसायला किती गोड! पण घरात तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

बतूलचं लग्न ठरलं. माझ्यासमोरच ती म्हणाली, "आई, गावभरच्या पोरींना चंद्र करतेस. माझ्या पालखीपुढे एकदाच म्हण ना गं."

"गप बस, माकडतोंडे. आरशात बघितलंयस का कधी?"

मला असा राग आला! "तामो, एक चांगला शब्द बोललीस तर जीभ झडेल का तुझी?"

"जीभ राहील गं," ती हळूच म्हणाली, "पोर जाईल."

लग्नात दुसरीच बाई ललकारली. तामो स्वयंपाकघरात चुलीपाशी, दाराकडे पाठ करून बसली. पालखीतून बतूल सारखी त्या दाराकडे बघत होती.

वर्षाच्या आत पहिल्याच बाळंतपणात बतूल गेली.

तिला शेवटची अंघोळ घालताना तामो केस विंचरायला बसली. आधी पुटपुटली, मग मांडवातल्यासारखा खडा आवाज लावला. कपाळ, भुवया, हनुवटीवरचा तीळ, एकेकाचं कौतुक करत सुटली. अंघोळ घालणारी म्हातारी दचकली. "अगं तामो, हे काय? मयताच्या घरात शोभतं का हे?"

"गाऊ दे मला, मावशी. आता हिला कुणाची दृष्ट लागायचीय?"

मी कोपऱ्यात रडत ऐकत होते. इतकी वर्षं तिच्याबरोबर लग्नं केली, पण आज ती गात होती त्यातली एक ओळसुद्धा तिनं कधी दुसऱ्या नवरीपुढे गायली नव्हती.