पाचवं शील

"आडनावावरून कळलंच मला. रोज पंचशील म्हणता ना तुम्ही लोक? म्हण बघू आता."

तपासणी केंद्रातल्या समुपदेशक मॅडम हे बोलल्या तेव्हा दार सताड उघडं होतं. बाहेर बाकावर माणसं बसलेली. मी अंबरनाथ पूर्वेला एचआयव्हीची तपासणी करायला गेलो होतो. फॉर्मवर सगळं खरं लिहिलं. नशा: एमडी पावडर. संबंध: पुरुषांशी. मूर्खपणा माझाच.

एमडी घेतली की दोन-दोन दिवस झोप नाही, कसली भीती नाही. कंडोम खिशातच राहतो. शुद्धीत असतानाच काय ठरवून ठेवायचं, एवढंच विचारायचं होतं मला.

कात्रपला आमच्या घरी आई रोज वंदना घेते. सवयीने माझे हात जोडले गेले. चार शीलं म्हणून झाली. पाचवं नशेपासून दूर राहण्याचं. तिथे मी जोडलेले हात खाली घेतले. बाकावर कोणीतरी हसलं.

"धर्माचीही लाज नाही. आधी सोड, मग ये."

रक्त न देताच बाहेर आलो. संतोष दाराशीच उभा होता. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात त्याची मशीन माझ्या शेजारी. माझ्यानंतर त्याचा नंबर होता.

"चल यार, अपने को नहीं करनी टेस्ट," तो म्हणाला. मी त्याला थांबवलं नाही. त्याबद्दल अजून चीड येते, स्वतःचीच.

आठ महिन्यांनी तो तापाने पडला. हॉस्पिटलात कळलं, पॉझिटिव्ह. त्या दिवशीच होता की नंतर झाला? कोण सांगणार? तपासलंच कुठे होतं!

दुसऱ्या दिवशी मी तपासणी केंद्रात पुन्हा मॅडमसमोर जाऊन बसलो.

"सोडलीस?"

"नाही."

"मग कशाला आलास?"

"शील मी आईसोबत म्हणतो, मॅडम. तुम्ही रक्त घ्या. आणि आधी दार लावा."

"आवाज खाली."

"दार लावा."

उठल्या. लावलं.

माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. आनंद वगैरे काही झाला नाही. संतोषचा चेहराच समोर येत होता.

शुक्रवारी कारखाना बंद असतो. दर शुक्रवारी मी आमच्यातल्या, नशा करणाऱ्या एकाला घेऊन केंद्रात जातो. तो एमडी मारून आला असला तरी. एमडी माझी अजून पूर्ण सुटलेली नाही, हेही तिथे तोंडावर सांगतो. सुटेपर्यंत जगायचं आहे आम्हाला. आत गेलो की दार मीच लावतो. आता तिथे कोणी हात जोडणार नाही.