मोहरीची पिशवी

हे मी ह्यांनाही कधी सांगितलं नाही — आणि ह्यांना तर माझं सगळंच ठाऊक होतं, छातीवरचा व्रणसुद्धा. आज तुम्हाला सांगते आहे. मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

एकोणनव्वद साली माझा डावा स्तन काढला. हा शब्द उच्चारायला बघा किती वर्षं लागली! तेव्हा घरात आम्ही नुसतं 'ऑपरेशन' म्हणायचो, आणि भिवंडीत कुणी विचारलंच तर 'पित्ताचे खडे'. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन, मग महिनाभर किरणं, मग दर तीन महिन्यांनी तपासणी. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क. रजेच्या अर्जावरही खडेच लिहिले. थोरलीसाठी स्थळं बघत होतो ना — आईला कॅन्सर म्हटल्यावर पोरीला कोण करून घेणार?

ब्लाउजच्या आत घालायला मी मांजरपाटाची पिशवी शिवली. आत कापूस, आणि एक बाजू हलकी दिसू नये म्हणून थोडी मोहरी. पिशवी मीच धुवायची, गच्चीतल्या दोरीवर टॉवेलखाली लपवून वाळवायची. हुशार समजायचे स्वतःला.

आमच्याकडे धुणंभांडी करायला शेवंता यायची. पडघ्याच्या पुढच्या गावची, नवरा लूमवर कामाला. माझ्या ऑपरेशनला दीड वर्ष झालं असेल. एका सकाळी तिनं मोरीचं दार लोटलं, माझा हात धरला आणि सरळ आपल्या छातीवर ठेवला. गाठ होती. कडक, जागची न हलणारी.

मला कळलं. हे नीट ऐका — मला शंका आली नाही, मला कळलं. माझीही अशीच होती.

"बाई, तुमाला मुंबईचं म्हाईत हाय," ती म्हणाली. "मला संगं न्या. मला तिथलं काय समजत न्हाय."

काय आलं असेल माझ्या मनात? तिचा जीव? नाही. मनात आली तिथली सिस्टर — दारातच नावानं हाक मारणारी. माझी फाईल. आणि शेवंता आमच्या आळीत चार घरची कामं करायची. रविवारी कल्याणचे लोक थोरलीला बघायला येणार होते.

"दुधाची गाठ आहे गं," मी म्हणाले. "धाकट्याला आत्ताच अंगावरून तोडलंस ना? मिठानं शेक."

वर वाटीभर जाडं मीठही दिलं. कागदात बांधून, स्वतःच्या हातानं.

तिनं पुडी खिडकीत ठेवली. मग "बरं" म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

लग्न ठरलं, झालंही. मांडवात शेवंता दोन दिवस राबली. पुढे दोरीवर कपडे टाकताना तिचा हात वर जाईना, तेव्हा नवऱ्यानं तिला मुंबईला नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. आठ महिने झाले होते. ते महिने मी मोजत होते — रोज, ती समोर लादी पुसत असताना. एकदाही तोंड उघडलं नाही. तेव्हा तर रविवारही नव्हता, कल्याणचे लोकही नव्हते. मग का? भित्री होते, दुसरं काय.

शेवटी तिच्या गावी भेटायला गेले. ओटीवर गोधडीत निजली होती, एवढीशी झालेली. सासू पाणी आणायला आत गेली, तशी तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पिशवीतली मोहरी बदलीत जा, बाई," ती हळूच म्हणाली. "घामानं लवकर खराब हुते ती."

म्हणजे तिला माहीत होतं. मोरीत माझा हात धरला तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर माझ्याकडे आली होती. आणि चार घरांत एका शब्दानं बोलली नव्हती.

मी काय केलं, सांगू?

मी विचारलं, "कसली मोहरी?"