सोडलं का हरवलं

"तुमचं होऊ द्या मॅडम, मी बसतो."

आमच्या ऑफिसात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की तो आला नाही त्या सोमवारीही मला ते ऐकू यायचं. दर सोमवारी यायचा, चप्पल दाराबाहेर काढायचा, बाकाच्या अगदी टोकाला बसायचा, दोन्ही हात मांडीवर. सरकारी कचेरीत चप्पल काढून शिरणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी तरी दुसरा पाहिला नाही. शिपाई त्याला चिडवायचा, "काय गा, देवळात आला का?" तो हसायचा आणि पाय बाकाखाली आणखी आत ओढून घ्यायचा.

वय तिशीच्या पुढे. तुमसरला राइस मिलमध्ये पोती उचलायचा. कानामागे भाताच्या कोंड्याची पूड तशीच राहिलेली असायची. लहानपण बालगृहात गेलेलं. ते बालगृह पुढे बंद पडलं आणि तिथले जुने कागद लाल रुमालांत बांधून आमच्याकडे आले. त्याला त्यातली आपली फाईल पाहायची होती.

"कशाला पाहिजे?" मी पहिल्या दिवशी विचारलं. मला वाटलं, दाखल्याबिखल्याचं काम असेल.

"मले मायनं सोडलं, का मी हरवलो, एवढंच पाहाचं हाये."

त्याला आठवत होतं ते फार थोडं. रेल्वे स्टेशन, खूप माणसं, मुठीत धरलेला लुगड्याचा काठ. "मंग वर पाहिलं त बाई दुसरीच." घरी बुध्या म्हणत, हेही आठवत होतं. गावाचं नाव आठवत नव्हतं. "लोक म्हणतात सोडलंच असन. हरवलो असतो त माय शोधाले आली नसती का?" हे तो अगदी साधेपणानं बोलायचा.

अर्जावर पूर्ण नाव लिहायला सांगितलं, तर बापाच्या जागी बालगृहाच्या जुन्या अधीक्षकांचं नाव. बिनबापाच्या सगळ्याच पोरांना ते आपलं नाव लावत. "आमच्या बापाले लई पोरं होते मॅडम," तो म्हणाला. मी हसले, आणि मग हसल्याची लाज वाटली.

साहेब म्हणाले, "फाईल गोपनीय आहे."

"कोनापासून साहेब?"

"सर्वांपासून."

"पन मी त तिच्यातच हावो ना."

साहेबांनी आणखी एक अर्ज मागितला. अर्ज वर गेला, शेरा घेऊन खाली आला, परत वर गेला. माझं डोकं फिरायचं. हा मात्र बाकावर शांत! एकदा मी त्याच्यावरच खेकसले, "अरे भांड ना जरा! काहून गप बसतोस?"

"भांडलं की जेवन बंद होत जाय तिथी बालगृहात. सवय नाही मॅडम."

शेवटी परवानगी आली. त्याला वाचायला वेळ लागायचा, म्हणून मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. फाईल पातळ होती. वजन, उंची, गोवर येऊन गेल्याची नोंद, चौथीचे मार्क. एका पानावर लिहिलं होतं, मुलगा स्टेशनवर पोलिसांना सापडला, नाव बुध्या सांगतो. नाव गावठी वाटते, सबब बदलून दुसरे ठेवले. पुढे ते शाळेत शोभेल असं दुसरं नाव. आईबद्दल, कोणी शोधत आल्याबद्दल एक अक्षरही नव्हतं.

"त सोडलंच मंग," तो म्हणाला आणि चप्पल घालून निघून गेला.

मला राहवलं नाही. बालगृहाची जुनी स्वयंपाकीण वरठीला लेकाकडे राहते, हे मला ठाऊक होतं. रविवारी मी त्याला तिथे घेऊन गेले. म्हातारीनं त्याला ओळखलं, अर्थात बदललेल्या नावानं. चहा झाला. तो म्हणाला, "मावशी, मले भेटाले कोनी येत जाय का?"

"नाही बाबू, तुले कोनी नाही." मग तीच पुढे बोलू लागली. "येनारे येत जात. एक बाई त ज्याचा पत्ता नाही त्याच्यासाठी बी येत जाय, बिचारी. नाकाडोंगरीकडची. माहा बुध्या कुठी हाये म्हने, स्टेशनात हात सुटला म्हने. आता आमच्या पटावर बुध्या नावाचं पोरगंच नाही, त साहेब काय दाखवन? जुने साहेब बदलून गेले होते, नवे पट पाहून सांगत. पटावर नाव नसलं की फाटकाच्या आत कोनाले घेतच नोयते. मी बी तवा नवीनच लागली होती. लई रडे बाई. जातानी डब्बा माह्या हातात देऊन जाय. माहा नाही त दुसऱ्याचे लेकरं खातीन, म्हने."

मी कप खाली ठेवला. तो म्हातारीकडे बघत होता.

"मंग तुमी काय केलं त्या डब्ब्याचं?"

"काय करन? ओळीनं बसवून वाटून देल्लं साऱ्याइले."

"मंग मी बी खाल्लं असन," तो म्हणाला.

म्हातारीला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. "माय वो! तूच होय का बुध्या?" आणि त्याचा हात धरून रडायला लागली. तोच तिची समजूत काढत राहिला. तुमची काय चूक मावशी, तुमी त वाटूनच देल्लं, म्हणत राहिला. मला रडू आलं नाही, संताप आला. कोण्या एका माणसाला लेकराचं नाव गावठी वाटलं, आणि आई फाटकावरून परत परत माघारी गेली. आणि तो माणूस आता हयातही नाही, की जाऊन जाब विचारावा.

तिथूनच तो नाकाडोंगरीला गेला. ऑफिसात पुन्हा आला नाही. पुढे त्यानं मिलमधलं कामही सोडलं. मला त्याचा एकदाच फोन आला.

"माय गेली मॅडम. दोन साल झाले. भाऊ हाये, तो काय ओळखन मले? लोक म्हनतात, शेवटी तिनं मले मेला समजून माही तेरवी करून टाकली. गावजेवन देल्लं." मग म्हणाला, "एक काम होतं. मावशीले विचारजा ना, डब्ब्यात काय होतं ते."

मी वरठीला जाऊन विचारलं. म्हातारी आठवू आठवू थकली. "तळलेलं काही होतं बाई. वडे का बोंडं, आता कसं सांगू?"

मी त्याला फोन लावला. म्हटलं, "बोंडं होती. गुळाची."



"मंग गोड होते," तो म्हणाला.