तंबूंच्या खोलीची चावी

भोकरशेत ग्रामपंचायतीच्या शिपायाचं नाव शुक्रा, पण ज्या दिवशी अण्णांनी त्याच्या हातात तंबूंच्या खोलीची चावी ठेवली, त्या दिवसापासून गाव त्याला 'चावीवाला' म्हणू लागलं आणि त्याला त्याचा अभिमान वाटू लागला. माणसाला कशाचा अभिमान वाटेल याचा काही नेम नाही. शुक्राने ती चावी कमरेच्या करदोट्याला बांधली. आंघोळीलाही ती सुटत नसे. झोपेत कुशीवर वळला की टोचे, आणि टोचली की त्याला बरं वाटे, कारण गावाची सुरक्षा जागच्या जागी आहे हे त्याला तेवढ्यावरून कळे.

भोकरशेत तसं डहाणूच्या अंगाला लागलेलं गाव, पण तलासरीकडची जमीन हादरायला लागली तेव्हा हेही हादरलं. पहिल्या हिवाळ्यात तर रोज कुठे ना कुठे पोटातून आवाज यायचा आणि भांडी खुळखुळायची. लोक अंगणात झोपू लागले. मग सरकारने तंबू दिले. निळ्या पिशव्यांत भरलेले, चांगले जाड कापडाचे तंबू टेम्पोतून आले, नारळ फुटला, भाषण झालं आणि अण्णांनी ते सगळे पंचायतीच्या मागच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. पाड्यावर वाटले तर लोक फाडतील, उंदीर खातील, कोणी वापीच्या बाजारात नेऊन विकेल, असं अण्णा म्हणाले. ज्यांच्यासाठी तंबू आले होते त्यांच्यापासूनच ते वाचवायचे, ही अण्णांची सुरक्षा.

अण्णा म्हणजे चिकूच्या वाडीचे मालक आणि गावचे कायमचे उपसरपंच. सरपंचपद आदिवासींना राखीव, त्यामुळे सरपंच बदलत. अण्णा बदलत नसत. सध्याच्या सरपंच संगिताताई भल्या बाई होत्या. अण्णांचं बोट कागदावर जिथे थांबे तिथे त्या सही करत आणि घरी जाऊन भात झोडत.

दर सोमवारी सुरक्षा समितीची पाहणी असे. पाहणी म्हणजे काय, तर अण्णा, संगिताताई आणि ग्रामसेवक मनिष भाऊसाहेब खोलीपाशी येत. शुक्रा कुलूप ओढून दाखवी. कुलूप घट्ट आहे हे पाहून सगळ्यांना हायसं वाटे. मग समिती दाराच्या दोन्ही बाजूंना उभी राही, भाऊसाहेब मोबाइलवर फोटो काढत आणि तालुक्याच्या ग्रुपवर टाकत. खाली लिहीत, 'आजची पाहणी. सर्व सुरक्षित.' त्यानंतर चहा आणि भजी. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, फोटोत तेच दार, तेच कुलूप. बदलायचा तो फक्त अण्णांचा सदरा. दार कोणी उघडत नसे. दसऱ्याला शुक्रा कुलपाला हळदकुंकू वाहायचा, झेंडूची माळ घालायचा, आणि त्याचाही फोटो ग्रुपवर जायचा.

वर्षातून एकदा मात्र दार उघडे. नाताळच्या सुमाराला अण्णा सांगत, "शुक्रा, तंबूंना ऊन दाखवायला पाहिजे. ओल धरते ना." दर वर्षी आधी न नेलेल्या पिशव्यांची पाळी असे; शुक्रा एकेक पिशवी पाठीवर घेऊन टेम्पोत टाकी. टेम्पो आगर गावाच्या बाजूला जाई. तिथे अण्णांच्या मेहुण्याची किनाऱ्यालगत जागा होती, आणि किनाऱ्यावर ऊन चांगलं, हे कोणालाही पटण्यासारखंच. नवं वर्ष लागलं की पिशव्या परत येत. शुक्रा त्या पुन्हा पाठीवर घेऊन खोलीत रचून ठेवी. नेताना पाठ वाके, आणताना पिशवी कापसासारखी. पहिल्या वर्षी त्याला नवल वाटलं. मग त्याने स्वतःच विचार करून उत्तर काढलं की ओल निघून गेली म्हणून वजन कमी झालं. मिरच्या वाळतात, बोंबील वाळतात, मग तंबू का नाही वाळणार? हे शास्त्र त्याने घरी बायकोला सांगितलं.

बायजी बांगडा भाजत होती. ती वर न बघता म्हणाली, "तू पन तसाच वाळलास."

बायजीची जीभ अशी होती. नवऱ्याच्या कमरेची चावी तिला सवतीसारखी वाटे. ती म्हणे, "गावाची चावी हाय तुझ्याकडं, पन घरात मीठ कठं हाय ता तुला ठाव नाय." शुक्रा हसे. अडाणी बाईला सरकारी जबाबदारी काय कळणार, असं त्याला वाटे. आणि खरं सांगायचं तर त्याला जबाबदारी फार नव्हतीच. त्याला फक्त 'हो अण्णा' म्हणायचं होतं, आणि ते त्याला जन्मापासून येत होतं.

गेल्या हिवाळ्यात त्याची मुलगी चिमी बाळंतपणाला माहेरी आली. रानशेतला दिलेली पोर, पहिलटकरीण. घर होतं योजनेतून मिळालेलं विटांचं. त्याआधीचं कुडाचं घर भूकंपात वेतासारखं लवायचं, पण मोडायचं नाही. ते पाडल्याशिवाय नव्या घराचा हप्ता मिळत नव्हता, म्हणून पाडलं. नव्या घराच्या भिंतीला दुसऱ्याच वर्षी भेग गेली, वरून खालपर्यंत. शुक्राने तिच्यावर कॅलेंडर लावलं होतं.

चिमीला मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी जमीन गुरगुरली. पत्रे थडथडले, कोंबड्या ओरडत सुटल्या आणि कॅलेंडर खाली पडलं. भेगेतून उजेड दिसायला लागला. पाडा सगळा बाहेर आला. लोकांनी खाटा चिंचेखाली ओढल्या. चिमी मात्र आतच होती, कारण पाचवी पुजल्याशिवाय बाळंतीण उघड्या आभाळाखाली येत नाही. बाहेरची नजर लागते, वारं लागतं. उशाशी विळा ठेवायचा आणि छपराखाली राहायचं. बायजीच्या आईने हेच केलं, तिच्या आईनेही हेच. चिमीला हाताला धरून ओढलं तरी ती आली नसती.

बायजी दारात उभी राहून शुक्राला म्हणाली, "छप्पर दे. कसला पन दे. कापडाचा दे. छप्पर झाला का मी तिला लगेच बाहेर काढतंय."

कापडाचं छप्पर कुठे आहे हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. त्याचा हात चावीवर गेला. गेला आणि तिथेच राहिला. कुलूप उघडायला अण्णांची परवानगी हवी. तो वाडीवर गेला.

अण्णा चिकू मोजून घेत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बाळंतिणीची चौकशी केली, मुलगी का मुलगा विचारलं. मग समजावून सांगितलं, "शुक्रा, हे आपत्तीसाठी आहेत. तू आज एक तंबू नेलास, उद्या सगळा पाडा मागणार. मग खरोखर संकट आलं तर आपण काय वापरायचं? सोमवारी बैठकीत विषय घेऊ आपण."

"हो अण्णा," शुक्रा म्हणाला. वाटेत त्याला ते पटलंही. घरापाशी येईपर्यंत तर त्याला अण्णांच्या दूरदृष्टीचं कौतुक वाटू लागलं होतं.

बायजीने ऐकलं. ती आत गेली आणि भेग आणि लेक-नात यांच्या मध्ये स्वतः भिंतीला पाठ लावून बसली. रात्रभर ती तशीच बसली होती हे शुक्राला सकाळी कळलं. तो अंगणात झोपला होता. चावी टोचत होती, पण या वेळी बरं वाटलं नाही.

रविवारी सकाळी दुसरा हादरा आला. भेगेच्या कडेच्या दोन विटा सुटल्या. एक बायजीच्या खांद्यावर आदळली, दुसरी झोळीला घासून जमिनीवर पडली. झोळी हलत राहिली. पोर रडायला लागली, आणि ती रडते आहे यासाठी शुक्राने पहिल्यांदा देवाचे पाय धरले. बायजीने खांदा चोळत त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. एखाद्या गुराची वाट चुकली की माणूस त्याच्याकडे जसं बघतो, तसं ती बघत होती. ते शुक्राला सहन झालं नाही.

तो उठला, पंचायतीत गेला आणि त्याने कुणालाही न विचारता कुलूप उघडलं. आपण चोरी करतोय असंच त्याला वाटत होतं. एवढ्या वर्षांची गुलामी एका सकाळीत उतरत नाही. त्याने पहिली पिशवी ओढली, गाठ सोडली आणि आतून अण्णा बाहेर आले.

निवडणुकीचा फ्लेक्स होता. अण्णा, हात जोडलेले, कपाळाला टिळा, बाजूला 'सुरक्षित भोकरशेत, माझी जबाबदारी'. दुसऱ्या पिशवीत वाढदिवसाचे अण्णा. तिसरीत पेंढा. चौथीत पेंढा आणि दिवाळीच्या शुभेच्छा देणारे अण्णा. शुक्रा खाली बसला. नेताना जड, आणताना हलकं. सगळी ओल कुठे गेली ते आता त्याला कळलं. आगरच्या किनाऱ्यावर मुंबईचे पाहुणे तंबूंत राहतात, शेकोटी करतात, हे त्याने ऐकलं होतं. ते तंबू त्याने स्वतःच्या पाठीवरून पोचवले होते आणि वर रिकाम्या पिशव्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. कुंपणाने शेत खाल्लं होतं, आणि कुंपणाला पाणी घालणारा हाच.

पण छप्पर हवंच होतं. त्याने सगळ्यात मोठा फ्लेक्स खांद्यावर टाकला. पाड्यावरच्या माणसांनी बांबू रोवले, दोऱ्या ताणल्या. अण्णांचा चेहरा आतल्या बाजूला आला, कारण छापील बाजू दवाने लवकर खराब होते, असं कोणीतरी म्हणालं. बायजीने जमीन सारवली, उशाशी विळा ठेवला आणि चिमीला पोरीसकट त्या छपराखाली आणलं. ती आडवी झाली न झाली तोच विटांची ती अख्खी भिंत, कसलाही हादरा नसताना, आपोआप आत कोसळली.

सोमवारी समिती पाहणीला आली तर दार सताड उघडं. अण्णा क्षणभर थबकले. मग त्यांनी आत डोकावलं, सोडलेल्या पिशव्या पाहिल्या आणि बाजी उलटवली. "तंबू कुठे आहेत, शुक्रा?"

"ता मीच तुम्हाला विचारनार होतो, अण्णा."

"चावी कुणाकडे होती?" अण्णांनी शांतपणे विचारलं. "कुलूप होतं तोवर तंबू होते. सगळ्या तालुक्याने दर आठवड्याला पाहिलंय. काल तू कुलूप उघडलंस आणि आज तंबू नाहीत. भाऊसाहेब, सरकारी मालमत्ता आहे. पोलिसांना सांगावं लागेल."

संगिताताईंनी मान खाली घातली. भाऊसाहेब मोबाइलशी चाळा करू लागले. अख्ख्या आयुष्याच्या 'हो अण्णा'चं हे बक्षीस होतं. शुक्राला राग आला, आणि तो इतका अनोळखी होता की शुक्रा जरा वेळ त्याच्याकडे बघतच राहिला.

"चला," तो म्हणाला. "छप्पर दाखवतो."

समिती पाड्यावर गेली. बायजी फ्लेक्सखाली चिमीला तेल लावत होती. वर हात जोडलेले भले थोरले अण्णा, झोळीतल्या पोरीकडे बघून हसणारे. पोरीचं दुपटं फ्लेक्सच्याच दोरीला वाळत होतं, नेमकं टिळ्याच्या खाली. पाडा गोळा झाला.

"या अण्णा," बायजी म्हणाली. "तुमच्याच आधाराला बसलाव आमी. पिशवीत तुमीच होताव."

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. भाऊसाहेबांना काय करावं कळेना, आणि काय करावं कळत नसलं की ते जे दर सोमवारी करत तेच त्यांनी केलं. मोबाइल वर केला, फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि सवयीने खाली लिहिलं, 'आजची पाहणी. सर्व सुरक्षित.' हाताला वळण लागलं की डोक्याला कोण विचारतो.

एवढ्या वर्षांत ग्रुपवरचा फोटो पहिल्यांदाच कोणीतरी बघितला. संध्याकाळच्या आत तालुक्यातून अण्णांना फोन आला. तंबू दुरुस्तीला पाठवले होते, असं अण्णांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. तंबूंना माशांचा, कोळशाचा आणि परक्या अत्तराचा वास येत होता. अण्णांनी नारळ मागवला, पांढरा सदरा घातला आणि पहिला तंबू बाळंतिणीला स्वतःच्या हाताने दिला. पोलिसांचं नाव पुन्हा निघालं नाही, चोराचंही नाही. टाळ्या वाजल्या. लाज नावाची वस्तू अण्णांनी कधी कुलपात ठेवलीच नव्हती, त्यामुळे तिची चोरी व्हायचा प्रश्न नव्हता.

चार तंबू पाड्यावर दिले आणि उरलेले परत खोलीत ठेवायला अण्णांनी फर्मावलं. खरोखर संकट आलं तर असावेत म्हणून. त्यांनी नेहमीसारखी मान हलवली, म्हणजे शुक्राने पिशव्या उचलायच्या.

शुक्रा चिंचेखाली बसला होता. त्याने करदोट्याची गाठ सोडली, चावी काढली आणि अण्णांच्या समोर पिशवीवर ठेवली.

"आता तुमीच उचला, अण्णा," तो म्हणाला. "किती जड हाय ता एकदा तुमच्या पाठीला कळू द्या. मग पुढं हलका झाला तर तुम्हालाच विचारू."

अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. संगिताताई पुढे झाल्या नाहीत, भाऊसाहेब पुढे झाले नाहीत. मोबाइल मात्र पाड्यावरच्या पोराबाळांनीही वर केले होते. शेवटी अण्णा वाकले, आणि पहिलीच पिशवी त्यांना पाठीवर घेता आली नाही.